कडू कवठाचं तेल

१२ मे १९५९

राईत आज पहिलं कवठ पडलेलं मिळालं! ओढ्याच्या काठाला, पाचोळ्यात. दोन मुठींएवढं, तपकिरी, वरून मखमलीसारखं. तिथल्या तिथे दगडावर फोडून बघितलं. बियांनी गच्च भरलेलं. म्हणजे यंदा साल झक्कास.

ज्याला कळत नाही तो म्हणेल, कवठ काय, चटणीचं. ते हे नव्हे! हे कडू कवठ. खाल तर आतडी तोंडातून बाहेर येतील. ओढ्याच्या कोंडीत फळ ठेचून टाकलं तर मासे भिरभिरून उलटे तरंगतात. माकडंसुद्धा वास घेऊन पुढे जातात. एक साळींदर तेवढा बिया पळवतो, म्हणून त्याच्या आधी पोचावं लागतं. आणि असल्या विषारी बीतून असं तेल निघतं की अंगावरची खरूज, गजकर्ण, सगळं झक मारत जातं. आणि तो दुसरा रोगही. त्याबद्दल नंतर.

हे तेल काढणारा पंचक्रोशीत मी एकटा. उगाच नाही लोक नदीपलीकडून चालत येत.

सत्यवती दारातच अडवते — "तो वास घेवन घरात येव नकात. पयली आंघोळ!" बायकोला तेलाची किंमत कळली असती तर मला आरतीच मिळाली असती.

२८ मे

बिया वाळल्या, फोडल्या, आतला गर व्हायनात, जमिनीतल्या उखळात, कुटला. आज दाब लावला.

गावचा घाणा खोबऱ्याचा. त्यावर ही कडू बी चढवली तर पुढचं सगळं खोबरेल कडू होईल, लोक मला झोडपतील. म्हणून आमच्याकडे बाबांपासून निराळी सोय. काथ्याच्या पिशवीत कूट भरायचा, दोन फळ्यांच्या मध्ये ठेवायचा, वर दगड रचत जायचे. घाई नाही. दगडांच्या नुसत्या वजनाने जे गळेल ते पहिलं तेल — थंड, पिवळंधमक, औषधाला तेच. खाली राहील तो चोथा टोपात पाणी घालून उकळायचा, वर येईल ते तेल करवंटीने काढायचं. ते गुराढोरांना. शेवटची पेंड भाताच्या तरव्याला, म्हणजे कोवळ्या रोपांना, किडा जवळ फिरकत नाही.

उकळता टोप मी डाव्या हाताने उतरवला. फडका नाही, काही नाही! महादू बघत होता. भजनात पखवाज वाजवतो तो, लहानपणापासूनचा माझा दोस्त. म्हणाला, "लवू, मेल्या, हात आसा काय लाकूड?" मग त्याला आणखी दाखवावं म्हणून चुलीतला निखारा उचलून तळहातावर घेतला आणि सावकाश विडी पेटवली. महादूने कानाला हात लावले!

सगळं तेलाचं काम. इतकी वर्षं तेलात हात, कातडी पक्की झाली. उजवा अजून तेवढा तयार झालेला नाही. होईल.

२ जून

तेल निवळलं. बाटलीतून सूर्याकडे धरून बघितलं. काय रंग! उगाच चारदा बघितलं.

७ जून

राधाबाई आल्या. नवरा गेल्यापासून त्यांच्याकडे कोंबडीसुद्धा नाही. म्हणाल्या, "लवू, बैलाक खरूज झाली हा. वायच तेल दी रे."

दिलं. वाटी भरून दिलं. म्हटलं, "बैलाक सकाळ-संध्याकाळ चोळूचा. खंड पाडूचो नाय." त्यांनी मान हलवली, उंबऱ्यावर मूठभर तांदूळ ठेवले आणि गेल्या.

आमच्या घरची रीतच आहे ही. फळ देवाच्या राईतलं, म्हणून तेलाचे पैसे घ्यायचे नाहीत. आणि कोणाला हवंय ते विचारायचं नाही. येणारा प्रत्येक जण बैलाचं नाव सांगतो. गावात जेवढे बैल नाहीत तेवढ्या बैलांना माझं तेल लागतं!

महारोग. हा शब्द मी ह्या घरात कधी उच्चारलेला नाही, इथे कागदावर लिहितोय तेवढंच. ज्याचं नाव फुटलं त्याला विहीर बंद, पंगत बंद, त्याच्या मुलीचं लग्न बंद. म्हणून लोक डाग झाकून माझ्याकडे येतात. कोणाकोणाला आहे ते एका मला ठाऊक. माझ्या तोंडून आजवर एक नाव गेलेलं नाही. बाबांच्याही गेलं नाही. ह्याचा मला तेलाहून जास्त अभिमान आहे.

२५ जून

सरकारी डॉक्टर आला आहे. ओगले नावाचा, घाटावरचा. मिशी नीट फुटलेली नाही. दर गुरुवारी देवळाजवळच्या धर्मशाळेत बसणार आणि महारोगाच्या गोळ्या वाटणार. गोळ्या! पांढऱ्या, शेंगदाण्याएवढ्याही नाहीत. गोळी जाणार पोटात आणि डाग जाणार पाठीवरचा! मग मी टकलाला तेल चोळतो, माझ्या टाचा मऊ व्हायला हव्यात.

घरोघर फिरला. कोणाच्या घरी कोणी आजारी नाही. सगळं गाव ठणठणीत!

शेवटी माझ्याकडे आला. "लवूकाका, तुमचं तेल कोण कोण नेतं?"

"बैल नेतात."

"मग बैलांची नावं सांगा."

"ढवळ्या आणि पवळ्या," म्हटलं. हसला बिचारा. पण पाणी पिऊन गेला, आणि जाताना भांडं स्वतः विसळून पालथं घातलं. आईने वळण लावलेलं दिसतंय.

१६ जुलै

गुरुवार. देवळातून येताना बघितलं, ओगले धर्मशाळेत एकटा. समोर गोळ्यांचा डबा, डब्यावर माशी. मला बरं वाटलं. मग जरा वाईटही वाटलं, म्हणून आत जाऊन बसलो.

आणि काय सांगू! तो म्हणाला, "काका, तुमचं हे तेल म्हणजे साधी गोष्ट नाही. ह्या रोगावर जगभर हेच औषध होतं. मोठमोठ्या इस्पितळांत ते सुईने टोचत असत. आमच्या पुस्तकात ह्या झाडावर आख्खं पान आहे."

पुस्तकात! आमच्या राईतलं झाड! घरी येईपर्यंत पाय जमिनीला लागत नव्हते. सत्यवतीला दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेलो तर म्हणाली, "आयकलंय. आता जेवा."

होतं म्हणाला तो. आहे का म्हणाला नाही कोण जाणे.

६ ऑगस्ट

ओगले तेल बघायला घरी आला. मीच बोलावलं होतं. ठेवणीतला चोथा खास त्याच्यासाठी उकळत ठेवला. बियांपासून सगळं समजावून सांगितलं. थंडीत हे तेल तुपासारखं थिजतं, जुनं झालं की कातडीला झोंबतं, ताज्याचा गुण ताज्यालाच. तो ऐकत होता. मध्ये मध्ये विचारत होता. असा ऐकणारा मिळाला की मला चेव येतो. टोप खदखदायला लागला तेव्हा मी आपला नेहमीचा खेळ केला. डावा हात घातला आणि उचलून खाली ठेवला.

महादूसारखे त्याने कानाला हात लावले नाहीत. उठला, माझा हात धरला, उलटा करून बघितला. करंगळीच्या मुळाशी दोन फोड आले होते. टरटरून फुगलेले.

"हे दुखत नाही?"

मला ते फोड आहेत हेच ठाऊक नव्हतं.

मग त्याने खिशातून कापूस काढला, वळून त्याचा धागा केला. "डोळे मिटा काका. मी जिथे कापूस लावीन तिथे बोट ठेवा." पोरखेळच! मिटले. उजव्या हातावर लावला, बोट ठेवलं. गालावर लावला, ठेवलं. मानेवर, ठेवलं. मग काहीच नाही. मी आपला वाट बघत बसलो. बराच वेळ झाला तेव्हा म्हटलं, "डॉक्टर, डाव्या हाताला कधी सुरुवात करताय?"

मी डोळे उघडले. कापूस माझ्या डाव्या तळहातावर होता. तो तिथेच फिरवत होता.

७ ऑगस्ट

आज काही लिहायचं नाही.

९ ऑगस्ट

कोपराखाली फिकट डाग आहे. कधीपासून आहे देव जाणे. मी त्याला तेलाचा डाग समजत होतो.

मला! मी तेल काढतो! दुसऱ्यांना वाटीवाटीने देतो, आणि मला! काल दिवसभर नुसता संताप. सत्यवतीवर ओरडलो, म्हशीवर ओरडलो, महादू हाक मारत आला तर घरात नाही म्हणून सांगायला लावलं.

आज पडवीच्या कोपऱ्यात बसून डाव्या हाताला पहिल्या दाबाचं तेल चोळत होतो. सत्यवती मागे येऊन उभी राहिली ते कळलंच नाही.

"ह्यां कोणाक?"

तोंडातून निघून गेलं — "बैलाक."

आमच्या गोठ्यात म्हैस आहे. बैल नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मग खाली बसली, पदर खोचला, माझा हात आपल्या मांडीवर घेतला आणि स्वतः चोळायला लागली. म्हणाली, "बैलाक गुरुवारी धर्मशाळेत न्हेवक होया." मी म्हटलं, गोळी घेणार नाही. ती म्हणाली, "बरां." आणि चोळत राहिली. वासाबद्दल चकार शब्द नाही.

मी रडलो. खरं आहे म्हणून लिहितो.

२७ ऑगस्ट

तेल नेमाने चालू आहे. डाग फिकट झाल्यासारखा वाटतो. नाही, झालाच आहे! गोळी खाणार नाही. ज्याच्या दारात तेलासाठी लोक येतात त्याने गोळी खायची? उद्या सगळे म्हणतील, लवूच्या तेलात काही दम नाही.

१२ सप्टेंबर

गणपती गेले. आज राधाबाई तेलाला आल्या. वाटी पुढे केली तेव्हा पदर सरकला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट आत वळलेलं, गळासारखं. मी बघितलं. मी बघितलं ते त्यांनीही बघितलं.

"तेल नीट लायतास मा?" मी विचारलं. असं कधी विचारत नाही. आज रीत मोडली.

त्यांनीही रीत मोडली. "रोज लायतंय रे लवू. एक दिवस चुकवक नाय. डाग गेलो. पण बोट आयकणा नाय."

माझं पहिल्या दाबाचं तेल. माझ्या हातचं. इतकी वर्षं, एक दिवस न चुकता. ह्याहून चांगलं तेल मला काढता येत नाही. कोणालाच येणार नाही. तरी बोट वाकलंच.

जेवण गेलं नाही.

१७ सप्टेंबर

ओगलेला गाठून सरळ विचारलं — माझं तेल खोटं की काय?

"खोटं नाही हो काका. पण तेल कातडीवर राहतं. रोग आत, नसेत जाऊन बसतो. गोळी रक्तातून तिथवर पोचते."

"वाकलेलं बोट सरळ होईल?"

"ते मी सांगू शकत नाही. पण राहिलेली बोटं वाचतील. आणि गोळ्या नेमाने घेतल्या तर घरातल्या दुसऱ्याला लागण्याची भीती जाते."

हे ऐकून उठलोच. सत्यवती रोज माझा हात मांडीवर घेते.

२४ सप्टेंबर

आज ओगलेचं तोंड उतरलेलं. वरून हुकूम आला आहे. दिवाळीपर्यंत गावात एकही रोगी पुढे आला नाही तर इथलं केंद्र बंद, गोळ्यांचा डबा तळेऱ्याला.

तळेरे! एस.टी.त बसायचं, कंडक्टर विचारणार कुठे जाताय, शेजारचा विचारणार कशाला जाताय. राधाबाई जाणार आहेत? त्या तर देवळापर्यंत यायला घाबरतात. कोणी जाणार नाही. सगळ्यांची बोटं एकेक करून वाकतील आणि मी वाट्या भरत बसेन.

ओगले म्हणाला, "काका, नावं फक्त तुम्हाला माहीत आहेत. मी गुपचूप घरी जाऊन भेटेन. कोणाला कळणार नाही."

गावात सरकारी डॉक्टर कोणाच्या घरी गुपचूप जातो? अख्खं गाव खिडकीत असतं! नाही सांगितली. सांगणारही नाही. एकच नाव सांगायचा मला हक्क आहे.

१ ऑक्टोबर

गेलो!

सत्यवतीने लग्नातला कोट काढून दिला. कसरीने खाल्लेला, पण कोट तो कोट. काळी टोपी घातली. ती म्हणाली, "मागच्या वाटेन जातास?" म्हटलं, "कित्याक? चोरी केलंय काय मी?" भर सकाळी, बाजाराच्या वाटेने, भाईच्या दुकानावरून गेलो. भाई म्हणजे गावचं मोठं प्रस्थ, देवळाचा कारभार त्याच्याकडे. गूळ जोखत होता.

"लवू, एवढो नटान खंय चललंस रे?"

"धर्मशाळेत," म्हटलं. "माका महारोग झालो हा. गोळी घेवक जातंय."

भाईच्या हातात तराजू तसाच राहिला. दुकानात बाया होत्या, त्या मागे सरकल्या. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. पण मान वर होती! धर्मशाळेत ओगलेने नाव विचारलं तेव्हा मी एवढ्या मोठ्याने सांगितलं की तो दचकला. रस्त्यापर्यंत ऐकू गेलं असेल. जावं म्हणूनच सांगितलं.

गोळी कडू नाही. मला वाटलं होतं, निदान कडू तरी असेल.

९ ऑक्टोबर

भाईने निरोप पाठवला — देवळात येऊ नये. तेलाला कोणी आलं नाही. राईतून येताना समोरून माणसं आली की वाट सोडून शेतात उतरतात.

ते सगळं सोसलं. महादूचं सोसलं नाही. कुंपणापलीकडून म्हणाला, "लवू, थोडे दिवस भजनाक येव नको. माका नाय रे, लोकांका चलणा नाय." माझ्याकडे बघत नव्हता. मी पाठ फिरवली. दाबाचे दगड सगळे उगाच उचलून पुन्हा रचले.

विहिरीवर बायांनी सत्यवतीची कळशी बाजूला ठेवायला लावली. तिने ठेवली. आणि म्हणाली, "माझो घोव उजेडात गेलो. तुमचे काळोखात खंय जातत, तां विचारा त्येंका." हे शेजारच्या आनंदीबाईने येऊन सांगितलं. मी सत्यवतीला विचारलं तर म्हणाली, "मी काय बोलाक नाय." असली बायको आहे माझी!

१५ ऑक्टोबर

मी आणि ओगले. दोघंच. गोळी गिळायला काय वेळ लागतो? तरी दुपारपर्यंत दारासमोर बसून राहिलो. कोणी आलंच, तर आत आपलं माणूस दिसावं.

कोणी आलं नाही. एक गोळी घेणारा मिळाला एवढ्यावर केंद्र राहील का, विचारलं. म्हणाला, "कळवलं आहे. एकाने भागणार नाही असं वाटतं."

बोललो ते फुकट गेलं की काय? असा विचार आला. आला तो आला.

२२ ऑक्टोबर

राधाबाई आल्या! डोक्यावरून पदर, नाकापर्यंत ओढलेला. उंबऱ्याबाहेर किती तरी वेळ उभ्या. मी उठलो नाही, हाक मारली नाही. मग आत आल्या, ओगलेसमोर बसल्या, हात टेबलावर ठेवला. वाकलेल्या बोटांचाच.

"बैलाक नाय," म्हणाल्या. "माका होया."

ओगलेला काही समजलं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मीच उठून त्यांना पाणी दिलं.

२९ ऑक्टोबर

धर्मशाळेत आज बसायला जागा नाही!

नदीपलीकडची, डोंगरावरच्या वाड्यांतली माणसं. पोरंबाळं घेऊन आलेली. अर्धी तोंडं मी जन्मात बघितलेली नाहीत, माझ्या दारात कधी आलेली नाहीत. आणि मला वाटायचं, सगळे एका मलाच ठाऊक! खांबाच्या आड महादूही, गोळीच्या रांगेत.

मी आपला दारात उभा. एक म्हातारा ओगलेला विचारत होता, "दिवसाढवळ्या इलो तो लवू खंयचो? त्येका बघूक व्हया."

मी हात वर केला. डावा.